लिंबातात्यांचा पुडा

तुमच्या फडताळात या घडीला शेजाऱ्याचं एखादं भांडं पडून आहे का? दुसऱ्याच कुणाचं नाव कोरलेलं? आणि ते अजून परत का गेलेलं नाही?

आमच्या वस्तीत घरोघरी अशी भांडी होती. त्यांत लिंबातात्यांचं मात्र एकही नव्हतं. तात्या कुणाला भांड्यातून काही देतच नसत. जे द्यायचं ते पळसाच्या पानात.

तात्या आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. कळंबच्या बाजूच्या आमच्या गावात सोसायटीचं धान्य दुकान होतं, तिथं ते मापाडी. उंच, वाळका माणूस. सदऱ्याच्या दोन्ही खिशांत पानं. लोक कानावर बिडी ठेवतात. तात्या पान टाचायची काडी ठेवत. हळद पानात, गूळ पानात, दवाखान्यातल्या गोळ्या पानात. वरून केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या, वाखाचा दोरा. तो दोरा कुणी तोडलेला त्यांना खपत नसे. "गाठ सोडायची असती, तोडायची न्हाय," हे दिवसातून दहादा.

एकदा धाराशिवच्या एस.टी.त तपासनीस चढला. तात्यांनी खिशातून पुडा काढला आणि गाठ सोडायला बसले. तिकीट आत.

"आवरा की बाबा," तपासनीस म्हणाला, "चाकू देऊ का?"

"चाकूचं काम न्हाय सायेब. घाई असली तर पुढच्यांची बघून या."

तो पुढच्यांची बघून आला. गाठ अजून सुटायचीच होती. शेवटी तपासनीसानंच नखानं गाठ सोडली, आणि तात्या म्हणाले, "आता कसं! हात चांगलाय तुमचा."

मग सोसायटीत प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. चेअरमनसाहेबांनी सोलापूरहून गठ्ठाच आणला. सहकार आता नव्या जमान्यात गेला, असं छोटं भाषणही झालं. तात्यांनी एका पिशवीत साखर भरली आणि उजेडात धरली.

"ह्यातलं सगळं दिसतंय की, सायेब."

"मग? चांगलंच आहे ना!"

"कुणी पोतं भरून नेलं ते दिसंल. कुणी चिमूटभर नेली ते बी दिसंल. घरापतूर."

चेअरमन हसले. चारच दिवसांत त्यांच्याच शेळीनं रस्त्यावरची पिशवी गिळली. ती ओढून काढायला तीन माणसं आणि एक भाषण लागलं. या वेळचं भाषण चेअरमनबाईंचं होतं. तात्या फक्त एवढंच म्हणाले, "माझं पान खाल्लं असतं तर ढेकर दिली असती."

आमच्या घरात पाळण्याआधी पत्रकांचा गठ्ठा आला असावा. वडील चळवळीची पत्रकं छापून वाटत, आणि मी कॉलेजातून सुट्टीला आले की तेच करी. पत्रकं संपली नाहीत तर तात्या उरलेली मागून नेत आणि त्यांत मीठ बांधत. मी चिडले की म्हणत, "अगं, नुसतं दिलं तर कोण वाचतंय? पुडा सोडला की मीठ घेता घेता वाचत्यात."

पण पानावर मी खरंच भडकायची. आमच्या आज्यांना वरच्या आळीत लांबून पानावर टाकलेलं खावं लागलं, त्यांची भांडी बाटू नयेत म्हणून. ते पान आम्ही धर्मासकट मागं टाकलं.

"तात्या, आपल्याच माणसांना पुन्हा पान?"

"ते वरनं टाकलेलं पान व्हतं, पोरी. हे म्या हातात देतो."

"मग भांड्यातून द्या ना!"

"तुझं कॉलेज हुंदे आधी," म्हणून ते उठून गेले.

त्या वर्षी पाऊस पडला नाही. विहिरी तळाला गेल्या. आमच्या समोरच्या सरूबाईच्या नवऱ्याचा रोजगार हमीच्या कामावर पायावर दगड पडून पाय मोडला. दोन लेकरं, कमावणारं कुणी नाही. माझ्या आईनं वाटीभर पिठलं दिलं. वाटी परत आली नाही. दुसऱ्या दिवशी आई भाकरी घेऊन गेली तर सरूबाई दाराआडूनच म्हणाली, "झाली जेवणं, काकू." चुलीला धूर नव्हता. लेकरं भिंतीला टेकून बसलेली. पुढं तर ती आमचं दार चुकवून लांबच्या बोळानं जाऊ लागली.

"वाटी दाबली बघ सरूनं," वस्तीत कुजबुज झाली.

तात्यांच्या कानावर गेलं. भर दुपारी ते तिच्या दारात उभे राहिले आणि अख्ख्या बोळाला ऐकू जाईल असं ओरडले, "सरे! हे पान तुझ्या शेळीला टाक. आत काही चुकून राहिलं असंल तर बघ!"

सरूबाईची शेळी दुष्काळाच्या सुरुवातीलाच विकली गेली होती. हे बोळातल्या सगळ्यांना माहीत होतं.

दार उघडलं. तिनं पुडा घेतला. मग रोज घेऊ लागली. रोज शेळीच्या नावानं.

मी तात्यांच्या घरी गेले. पहिल्यांदाच नीट बघितलं. फळीवर सगळी भांडी होती, आणि खुंटीला एक पितळी तांब्या, घासून लख्ख. त्यावर नाव होतं कोंडाबाईचं.

"ही कोण, तात्या?"

"शेजारीण व्हती. बाहत्तरच्या दुष्काळात गाव सोडून गेली, पत्ता न्हाय." ते काडी टोकरत राहिले. "म्या लांब खडी फोडायला व्हतो. तुझी काकू आजारी, घरी एकली. कोंडाबाईनं तांब्याभर आंबील आणून दिली. रिकामा तांब्या परत कसा द्यायचा? घरात दाणा न्हाय. दुसऱ्यांदा कोंडाबाई आली, तर हिनं दारच उघडलं न्हाय." काडी कानावर ठेवून म्हणाले, "म्या आलो तवा ही गेलेली. तांब्या उशाशी व्हता. घासून ठिवलेला."

मग त्यांनी पान उचललं आणि पुढचा पुडा बांधायला घेतला.

आता तुमच्या फडताळाकडे चला. ते भांडं काढा, आजच, आणि परत देऊन या. रिकामं न्या. आणि उद्या कुणाच्या दारात काही घेऊन जाल, तेव्हा पानात बांधून न्या. शेळीसाठी आणलंय, म्हणा.