सहवेदना समितीची दुखणी

दुःख वाटून घेतलं की हलकं होतं, हे सर्वमान्य सत्य आहे. कोणी कोणाचं वाटून घ्यायचं, याबाबत मात्र परिपत्रकं मौन बाळगतात.

आमच्या मोरावा नदीकाठच्या दवाखान्यात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी सहवेदना समिती आहे. मी तिचा सचिव. बेलग्रेडच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, रुग्ण बोलताना गप्प बसून ऐका. आम्ही आठवडाभर इमानदारीत गप्प बसलो. पण इथे डॉक्टर गप्प बसला म्हणजे माणूस गेल्यात जमा. तिघांनी मृत्युपत्रं केली, एकाने भावाशी समेट केला (तो टिकला नाही).

शिवाय आमच्याकडे कोणी कंबर दुखते म्हटलं, की आपण निदान गुडघेदुखी तरी काढायचीच. नाहीतर लोक म्हणतात, बघा, तब्येतीचा केवढा माज. सबब समितीने ठरवलं, रुग्णाच्या दुखण्यास वरचढ दुखण्याने उत्तर द्यावे. समाधानी रुग्ण शंभर टक्के (असमाधानी रुग्णांना बोलायला सवड मिळाली नाही).

सोमवारी रादोय्का आजी आली. तिचा खुबा नऊ वर्षं ठणकतोय. एक्स-रेच्या फोटोत काही दिसत नाही, म्हणून सून म्हणते, म्हातारी नाटकं करते. आजीला औषध नको होतं. खरंच दुखतंय, एवढं कोणीतरी मानावं, इतकीच तिची मागणी.

"डॉक्टरीणबाई, रात्री कूस बदलता येत नाही हो."

"कूस?" डॉक्टर वुकोसावा कळवळल्या. "आजी, मला मानच वळवता येत नाही. परवा गाडीच्या दोन्ही काचा उघड्या होत्या, मधून वारा लागला."

"दोन्ही? अगं बये, आरपार वाऱ्याने माणूस आडवा होतो, तुला सांगणारं कोणी नाही का घरात?"

नर्स मिल्युनकाने दाढ पुढे केली. सचिव या नात्याने मी मूळव्याध मांडली.

कोबीची पानं कशी बांधायची, रकियाची दारू कुठे चोळायची (आणि उरलेली कुठे जायची), सगळं आजीने समजावलं. डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. "माझं इतकं आजवर कोणी ऐकलं नव्हतं."

आजी भिंत धरून उठली. "जप गं पोरी. आणि माझं ते खुब्याचं..."

"पुढच्या खेपेला नक्की," मी म्हणालो.

तुम्हाला आजीची कणव आली असेल. छान झालं. पण खरं सांगा, हे वाचताना तिचा खुबा किती वेळ लक्षात राहिला, आणि स्वतःची कंबर कधी आठवली? लाजू नका. आजीला पायऱ्या उतरायला वेळ लागतो, ती अजून तिथेच आहे. जा, सांगा तिला.