कोरे करकरीत दिवे

उपासनाची झोप उडवायला काळज्यांचा तुटवडा कधीच नव्हता. पण अमेरिकेच्या पार उत्तरेला, डुलुथला राहायला आल्यापासून एक काळजी अशी पुढे घुसली, की बाकीच्या बिचाऱ्या रांगेत ताटकळू लागल्या. ती अशी: बाहेर गुडघाभर बर्फ आहे, पाच वर्षांच्या आरोहीला दम लागलाय, फोन केलाय, ॲम्ब्युलन्स आलीसुद्धा आहे, पण ती उभी आहे रस्त्यावर, टपालपेटीपाशी. कारण टपालपेटीपासून दारापर्यंतचा आपला लांबलचक ड्राइव्हवे बर्फाखाली गडप झालाय.

(शेजारी कुशल घोरत असायचा. ही सोय नवऱ्यांना जन्मतःच मिळते.)

काळजी अगदीच हवेतली नव्हती. टेक्ससमध्ये, शुगर लँडला असताना आरोहीला एकदा खरंच दम लागला होता. ॲम्ब्युलन्स थेट पायरीला लागली, मास्क लावला आणि पोरीच्या ओठांचा निळेपणा हळूहळू गेला. ते ओठ उपासना विसरली नव्हती. पण शुगर लँडला बर्फ फक्त सरबतात असायचा. इथे तो ऑक्टोबरात येतो आणि एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकतो.

"आपण बर्फ ढकलायचा प्लाऊ घेऊ या," एका सकाळी चहा गाळता गाळता तिने जाहीर केलं.

"कॉन्ट्रॅक्ट देऊ ना यार कुणाला तरी. इथे सगळे तेच करतात."

"आणि तो माणूस आधी स्वतःच्या मावशीचा ड्राइव्हवे साफ करत बसला तर?"

त्या न पाहिलेल्या मावशीपुढे कुशलने हात टेकले. पिकअपच्या तोंडाला लावायचा प्लाऊ बघणं सुरू झालं. लग्नासाठी मुलं बघावीत तसे उपासनाने प्लाऊ बघितले. सरळ पात्याचा की मध्ये दुमडणारा? वजन किती, गाडीला झेपेल का, स्वभाव कसा? (म्हणजे रिव्ह्यू कसे.) सरळ, साध्या वळणाचा एक पसंत पडला, आणि त्याच रात्री तिने कुठेतरी वाचलं की पातं पुढे बसवलं की ते गाडीच्याच हेडलाइट्सच्या आड येतं.

"म्हणजे आपण आंधळे होणार!" तिने कुशलला हलवून उठवलं.

"उद्या होऊ," कुशल म्हणाला आणि कुशीवर वळला.

मग दिव्यांचं पुराण. पात्याच्या वर, उंचावर बसवायचे वेगळे दिवे लागतात. जुन्या पद्धतीचे दिवे तापतात, त्यामुळे त्यांच्यावरचा बर्फ आपोआप वितळतो. एलईडी उजेड झकास देतात, पण तापत नाहीत, म्हणून त्यांच्यावर बर्फ साचून बसतो. उपासनाने तिसरेच शोधले: एलईडी, पण काच गरम करायची सोय असलेले. महाग होते. पण आईच्या काळजीत बसत होते.

दिव्यांचं खोकं उघडलं तेव्हा नागपूरहून सासरे, भानुदास, व्हिडिओ कॉलवर हजर होते. काचांवर पातळ पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं होतं. कुशलने त्याचा कोपरा नखाने उचलला मात्र, उपासनाने त्याच्या हातावर चापट मारली.

"काढतोस काय! रस्त्यावर मीठ, खडी काय काय उडतं. काचेवर ओरखडे पडतील ना."

"बरोबर बोलते सूनबाई," फोनमधून दुजोरा आला. "नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायचं नसते, बेटा. आपल्या फ्रिजचं अजून आहे."

"बाबा, तो फ्रिज बंद पडलाय."

"पण दिसतो कसा! कोरा करकरीत!"

उपासनाने उचललेला कोपरा अंगठ्याने नीट दाबून बसवला. गॅरेजच्या भिंतीवर उजेड पाडून बघितला, तर सौम्य वाटला. डोळ्यांना त्रास नाही, असं स्वतःलाच सांगून तिने समाधान मानलं.

पुढे दर रविवारी देखभाल. बोल्ट आवळणं, हायड्रॉलिक तेल बघणं, वायरींच्या जोडांना गंज चढू नये म्हणून ग्रीस लावणं. शेवटी दिव्यांच्या काचा मऊ फडक्याने लखलखीत पुसणं. (काचा पुसतोय, असा तिचा समज होता.) मोहरीएवढी कसर राहू दिली नाही.

आणि डिसेंबरात ते वादळ आलं. दुपारभर कोसळत होतं, रात्रभर कोसळणार होतं. साडेचारलाच अंधार पडला. आरोही खोकली. साधंच, एकदाच. पण उपासनाने अंगात जॅकेट चढवलं.

"सकाळी काढू ना," कुशल म्हणाला.

"सकाळपर्यंत कमरेएवढा होईल. आणि मधेच हिला दम लागला तर?"

कुशलनेही जॅकेट उचललं. निळे ओठ त्यानेही पाहिले होते.

आरोहीला घरात एकटं कसं ठेवणार, म्हणून तिला मागच्या सीटवर पट्ट्यांनी करकचून बांधलं. उपासना स्टिअरिंगला. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या पार्किंगमध्ये सराव तिनेच केला होता. पातं खाली सोडलं, वरचे दिवे लावले.

समोर दुधी धुकं. जणू गाडीने मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं. ड्राइव्हवेच्या कडेला तिने नारंगी रिफ्लेक्टरच्या काठ्या रोवल्या होत्या. पण त्या चमकायच्या तर उजेड त्यांच्यापर्यंत पोचायला हवा.

"फ्यूज गेला!" ती काच खाली करून ओरडली. "नाहीतर रिले! नाहीतर ग्रीस जास्त झालं!"

"घाबरू नकोस!" कुशल मोबाइलचा, पावलापुरता उजेड देणारा टॉर्च घेऊन खाली उतरला. "मी पुढे जाऊन दाखवतो, तू माझ्या मागे ये!"

तो बराच पुढे जायचा, बाजूला होऊन टॉर्च हलवायचा आणि नागपूरच्या गल्लीत गाडी मागे घेताना ओरडतात तसा ओरडायचा, "येऊ दे! येऊ दे! येऊ दे! बास!" लग्नानंतर पहिल्यांदाच उपासना नवऱ्याच्या मागोमाग निमूट निघाली. पातं बर्फ ढकलत होतं, कडेला ढीग रचत होतं. तिच्या मनात हळूहळू एक चकचकीत रस्ता तयार होत होता आणि त्यावरून ॲम्ब्युलन्स सुळकन दारापर्यंत येत होती.

"मम्मा, व्हेअर आर वी गोइंग?"

"आपण रस्ता करतोय, राणी. बोलू नकोस, मम्मा कॉन्सन्ट्रेट करतेय."

"बट मम्मा..."

"आरोही!"

शेवटी पातं कशाला तरी ठक्कन टेकलं. टपालपेटी, उपासनाने ओळखलं. झालं! ड्राइव्हवे पूर्ण! डोळ्यांत पाणी घेऊन ती खाली उतरली आणि आधी बंपरवर चढून त्या नतद्रष्ट दिव्याची काच बाहीने पुसू लागली. धुकं पुसलं जाईना. ते काचेवर नव्हतंच. ते आत होतं. आत म्हणजे... तिचं नख एका कोपऱ्यात अडकलं. ओळखीचा कोपरा होता. अंगठ्याने नीट दाबलेला.

प्लास्टिकखाली बर्फ शिरला होता, आणि काच गरम करायच्या त्या महागड्या सोयीने त्याची इमानेइतबारे वाफ केली होती.

कुशलने पाहिलं. मग अत्यंत अदबीने विचारलं, "आता काढू?"

"काढ," उपासना म्हणाली.

चर्रर्र. एक दिवा. चर्रर्र. दुसरा. आणि सगळं अंगण दिवस उजाडल्यासारखं लख्ख झालं.

त्या उजेडात डावीकडे दूर टपालपेटी दिसली, बर्फाची टोपी घातलेली. नारंगी काठ्या दिसल्या, दोन्ही बाजूंनी शिस्तीत उभ्या. त्यांच्यामधल्या ड्राइव्हवेवर बर्फाला कुणी बोटही लावलेलं नव्हतं. आणि गॅरेजच्या तोंडाशी डौलदार वळण घेऊन, हिरवळीवरून, दोन्ही कडांना रेखीव ढीग रचत, एक सुंदर, रुंद, स्वच्छ रस्ता मागच्या अंगणात आला होता. तो आरोहीच्या झोपाळ्याच्या खांबापाशी संपत होता. तिथेच पातं टेकलं होतं.

कुशल टॉर्च बंद करायला विसरला. उपासनाने मनातल्या मनात वाक्यं जुळवली: बाळा, मम्मा-पपांकडूनही चुका होतात, घाबरायचं नाही हं. मग मागचं दार उघडलं.

आरोही अजिबात घाबरली नव्हती. खोकतही नव्हती. तिने मान उंच करून तो रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला आणि आईच्या गालाला हातमोजा लावून समजूत घातली,

"इट्स ओके, मम्मा. मला दम लागला ना, तर मी झोपाळ्यावर बसून राहीन."