विजयमालाबाईंच्या दाढेसाठी हत्यारांची निवड

समाज दुरुस्ती करतो म्हणून तो पुढारलेला ठरत नाही. दुरुस्तीची दुरुस्ती करायची वेळ आली, की मगच तो खऱ्या अर्थाने पुढारला असे समजावे. सोसायटीची गच्ची, न्हाणीघरातला नळ आणि माणसाची दाढ या तिन्ही बाबतींत जुईनगरने ही अवस्था केव्हाच गाठली आहे.

विजयमालाबाईंच्या खालच्या उजव्या दाढेचे रूट कॅनाल चार वर्षांपूर्वी झाले होते. तो दवाखाना त्यांच्या मुलाने, आशुतोषने, सर्व बाजूंनी विचार करून निवडला होता. तिथे पार्किंग होते. दाढेच्या मुळांत चार बारीक नळ्या होत्या, त्यांपैकी तिथल्या डॉक्टरांना तीन सापडल्या. तिसऱ्या नळीत सुईचे टोक तुटून आत राहिले (त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत, हे नमूद केले पाहिजे). आता ती दाढ पुन्हा ठणकू लागली होती.

एरवी सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या दाढेची एवढी चर्चा झाली नसती. पण ही दाढ खाजगी नव्हती. सोसायटी नवी असल्यापासून दर दिवाळीत प्रत्येक घरातली पहिली चकली विजयमालाबाईंकडे येई. त्या ती उजव्या दाढेखाली धरून चावत, क्षणभर थांबत आणि "झाली" किंवा "मऊ पडणार" असा निकाल देत. निकालावर अपील नसे. डाव्या दाढेने चकली चावता येते, पण कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे दिवाळीच्या आत दाढ वाचवणे हे सार्वजनिक काम होते, आणि ते सार्वजनिक पद्धतीनेच पार पडले.

नव्या डॉक्टरीणबाईंचे नाव मैत्री. वयाने लहान, हाताने हलक्या. त्यांनी फोटो काढून पाहिला आणि म्हणाल्या, "काकू, दाढ वाचेल. जुनं सगळं उकरून काढू, राहिलेली नळी शोधू, परत भरू. फक्त लवकर करू या. तोवर या बाजूने कडक काही नको." इथपर्यंत सारे ठीक होते. पण पुढे त्या सहज बोलून गेल्या, "काढायचं कशाने, त्याला दोन-तीन पर्याय असतात."

नवी मुंबईतल्या कुटुंबासमोर 'पर्याय' हा शब्द उच्चारल्यावर काय होते, हे दंतवैद्यकाच्या अभ्यासक्रमात नाही.

"आई, तू टेन्शन घेऊ नको," आशुतोष म्हणाला. "मी रिसर्च करतो."

विजयमालाबाईंनी खलबत्त्याकडे पाहिले. याच रिसर्चपायी घरात दोन वर्षे मिक्सर नव्हता आणि त्या चटणी खलबत्त्यात कुटत होत्या. त्यांना लहानपणीचे पनवेलचे दाताचे डॉक्टर आठवले. त्यांच्याकडे दोनच हत्यारे असत, एक समोर दिसणारे आणि एक पाठीमागे लपवलेले. "उघडा," म्हणत आणि काम होऊन जाई. रडायचे की नाही, एवढाच पर्याय पेशंटला होता.

त्याच दिवशी 'आईची दाढ' नावाचा ग्रुप निघाला. त्यात आशुतोष, सून श्रुती, खांदेश्वरची मुलगी जाई, जावई विश्वजित, समोरच्या दारच्या इशरतबाई, सोसायटीचे माजी सेक्रेटरी बाजीराव आणि त्यांच्या पत्नी गिरजाबाई अशी सात माणसे होती. बाजीरावांची अक्कलदाढ काढलेली असल्याने त्यांना तज्ज्ञ म्हणून घेतले. विजयमालाबाईंना घेतले नाही, कारण त्यांना टेन्शन आले असते.

हत्यारांचा अभ्यास सुरू झाला. दाढेची नळी साफ करायच्या बारीक, दातेरी सुयांना फाइल म्हणतात. काही हाताने फिरवायच्या, स्टीलच्या. काही मशीनवर फिरणाऱ्या, लवचीक धातूच्या. शिवाय तुटके टोक थरथरवून सैल करणारी एक बारीक टोकदार कांडी. बाजीरावांनी स्टीलची बाजू घेतली. "स्टील म्हंजे स्टील. आपल्या टाकीचं झाकण बघा." जाईने लवचिकतेची बाजू घेतली, कारण तिच्या योगाच्या बाई नेमके तेच सांगत. विश्वजितने कुठल्याशा परदेशी डॉक्टरचा तासाभराचा व्हिडिओ टाकला. तो कोणी पाहिला नाही, पण सगळ्यांनी अंगठा दिला.

इशरतबाई मात्र संध्याकाळी थेट घरीच आल्या. "विजूताई, दाढेत भरलेलं जुनं रबर मऊ करायला संत्र्याचं तेल लावतात म्हणे. मग इतकी वर्षं तुमी सालं फेकताय कशाला?"

"तुझ्यासाठी ठेवलीत," विजयमालाबाई म्हणाल्या, आणि हसताना डाव्या बाजूनेच हसल्या.

रात्री जेवताना त्यांनी एक सूचना मांडली. "अरे, त्या पोरीलाच विचारा ना. तिचा हात कशावर बसलाय, ते तिलाच ठाऊक."

"आई, डॉक्टरला विचारून कसं चालेल?" आशुतोष समजुतीने म्हणाला. "तो बायस्ड असतो."

सूचना फेटाळली गेली.

पुढे असे आढळले की फाइलींना रंगीत मुठी असतात: पांढरी, पिवळी, लाल, निळी, हिरवी, काळी. इथे अभ्यासाला एकदम गती आली. काळा रंग आजारपणात नको, म्हणून बाद झाला. पांढरा त्याच कारणाने. लाल रंगाने हिरडीतले रक्त दिसणार नाही, असा मुद्दा निघाला. "आईंना हिरवा शोभतो," असे श्रुतीने लिहिले आणि सोबत मंगळागौरीचा फोटो जोडला. मतदान झाले. हिरव्याला सत्तावन्न टक्के, निळ्याला एकोणतीस टक्के, आणि चौदा टक्के मत 'शुभ सकाळ' असे पडले (गिरजाबाई). पण निकाल एकमताने लागावा असा बाजीरावांचा आग्रह होता, म्हणून फेरमतदान ठरले. मध्ये गणपती आले, मग पितृपक्ष आला, आणि पितृपक्षात फाइल निवडत नाहीत.

दवाखान्यातून मैत्रीचा फोन येई. "काकू, कधी येताय?"

"एकमत झालं की लगेच येते, बाळ."

नवरात्र संपता संपता एकमत झाले. हिरवी मूठ, स्टील, हाताने फिरवायची. सोबत संत्र्याचे तेल. अपॉइंटमेंट मिळाली ती दिवाळीच्या तोंडावरच्या सोमवारची.

शनिवारी गिरजाबाई स्टीलचा डबा घेऊन आल्या. "वहिनी, यंदा भाजणी जरा निराळी केलीय. जीव नुसता वर-खाली होतोय बघा."

विजयमालाबाईंनी डब्याकडे पाहिले. आपण नकार दिला, तर चकली चौथ्या मजल्यावरच्या श्रीमती देशमाने यांच्याकडे जाईल, हे त्यांना ठाऊक होते. देशमानेबाई चकली चहात बुडवून खातात. अशा हाती सोसायटी सोपवून सोमवारची वाट पाहणे त्यांना जमले नाही. त्यांनी चकली उजव्या दाढेखाली धरली आणि चावली.

दोन आवाज झाले. पहिला चकलीचा होता.

"झाली," विजयमालाबाई म्हणाल्या, आणि गालाला हात लावून खाली बसल्या.

सोमवारी मैत्रीने फोटो पुन्हा काढून पाहिला. दाढ मुळापर्यंत उभी चिरली होती. आशुतोषने तोवर फोनमध्ये हिरव्या फाइलचे चित्र काढून धरले होते.

"ही?" मैत्री म्हणाल्या. "रंग म्हणजे नुसती जाडी असते हो. नळी किती रुंद आहे, ते आत शिरल्यावर कळतं. कुठली घ्यायची ते त्यावर ठरतं." मग त्यांनी कपाटातून चिमटा काढला.

"यात काही पर्याय..." आशुतोष सवयीने म्हणाला.

"नाही."

विजयमालाबाईंनी तोंड उघडले. त्यांना पुन्हा पनवेलची आठवण आली आणि बरे वाटले.

विजयमालाबाईंचे पद मात्र गेले नाही. त्यांनी पद्धत बदलली. आता चकली आणणाऱ्याने ती त्यांच्यासमोर स्वतः चावायची आणि बाईंनी डोळे मिटून ऐकायचे. निकाल पूर्वीइतकेच अचूक लागतात. फक्त या पद्धतीत त्यांना एक नवीन गोष्ट ऐकू आली. सोसायटीत कोणीच दोन्ही बाजूंनी चावत नाही. श्रुती डावीकडून चावते, दिवाळीला आलेला विश्वजित उजवीकडून, बाजीराव पुढच्या दातांनी कुरतडतात. आशुतोष तर घास तोंडात एका बाजूला नुसता धरून ठेवतो.

"तुझं काय रे?" त्यांनी विचारले.

"आहे एक दाढ. बघतोय. रिसर्च चालू आहे."

ही गोष्ट वाचणाऱ्यांचे दात अर्थातच ठणठणीत आहेत. वाचताना जीभ मधूनच एका ठराविक दाढेवर जाऊन आली, ती केवळ खात्री करायला. तरीही शंका असल्यास दिवाळीत जुईनगरला यावे, येताना चकली आणावी, आणि विजयमालाबाईंसमोर ती एकदा उजवीकडून व एकदा डावीकडून चावून दाखवावी. घाई नाही. आधी घरात सगळ्यांना विचारून घ्या.