बिनक्लचची गाडी

गाडी ललिताबाईंची आहे, हे वामनराव कोणासमोरही मोकळेपणानं कबूल करत. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या पैशांतून ती घेतलेली, कागदांवर नावही त्यांचंच. फक्त किल्ली तेवढी वामनरावांच्या सदऱ्याच्या खिशात असे, आणि सदरा खुंटीवर गेला की ती उशीखाली जाई.

"आज तं शिकवान ना?" चहाचा कप पुढे सरकवत ललिताबाईंनी विचारलं.

"आज नाई जमत. आज आलापल्लीचा बाजार आहे. रस्त्यावर गर्दी राह्यते."

"काल तं बाजार नव्हता."

"काल रस्ता एकदम मोकळा होता. मोकळ्या रस्त्यावर नवा माणूस गाडी पळवते. लय धोक्याचं असते ते."

ललिताबाईंनी रिकामा झालेला कप उचलला आणि विसळायला नेला. त्यांची इच्छा तशी लहानशीच होती. जन्मभर त्या चिमूरला थोरल्या बहिणीकडे एसटीनं गेल्या. दोन्ही हातांत थैल्या, पदराला धूळ, आणि दारात बहिणीचं ठरलेलं वाक्य, "आली का वं, उभ्यानंच आली ना?" आता एकदा तिच्या अंगणात स्वतः गाडी चालवत जायचं आणि आतूनच हॉर्न वाजवायचा. म्हणून तर त्यांनी हट्टानं ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. गाडी जुनी होती, पण विकणारा म्हणाला होता, "बाई, याले क्लच नाई, गिअर टाकाची झंझट नाई. दोनच पेडल. लहान लेकरू चालवन." शिकाऊ लायसनही त्यांनी काढून ठेवलं होतं. राहिला होता तो सराव, आणि सराव वामनरावांच्या खिशात होता.

वामनराव निवृत्त होईपर्यंत वनविभागाच्या डेपोत कारकून होते. पण त्यांचा खरा अभिमान कारकुनीचा नव्हता. ड्रायव्हर सुट्टीवर गेला की साहेबांची जीप तेच चालवत. त्या जीपला हँडब्रेक केवळ शोभेला होता. चढावर जीप थांबवायची म्हणजे अर्धा क्लच आणि थोडा अ‍ॅक्सिलरेटर यांच्या मधोमध असा काही पाय धरायचा की गाडी ना पुढे जाणार ना मागे. ही विद्या डेपोत फक्त वामनरावांना साधली होती. साहेब मागच्या सीटवर घोरत असताना त्यांनी जीप चढावर तशीच तोलून धरली होती, असं ते सांगत. साहेब निवृत्त होऊन गेले होते, त्यामुळे खरंखोटं कोण करणार?

या गाडीला क्लच नाही म्हटल्यावर ही विद्या वाया जाणार, म्हणून ते आधी जरा उदास झाले होते. मग वस्तीखालच्या नाक्याच्या चढावर एक दिवस त्यांना शोध लागला. ब्रेक न दाबता नुसता अ‍ॅक्सिलरेटर बेताचा दाबून ठेवला, तर हीसुद्धा गाडी चढावर जागच्या जागी उभी राहते! तिथून पुढे घात झाला.

कारण तो नाक्याचा चढ म्हणजे सगळ्या वस्तीची वाट. तिथं हातपंप, तिथंच रस्त्याकडेला मोहाची झाडं. आणि आपल्याकडे रस्त्यात माणूस भेटला की "कुठी चाल्ले?" विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नुसतं विचारूनही भागत नाही, उत्तर ऐकावं लागतं, मग त्याची म्हैस, त्याचा जावई, त्याचा गुडघा, सगळ्यांची खुशाली घ्यावी लागते. सायकलवाला एक पाय टेकवून हे सगळं करतो. वामनराव ते अ‍ॅक्सिलरेटरवर करू लागले.

"इतवारी, कुठी चाल्ला?"

इतवारी गुरं राखायचा. तो काठी टेकून थांबला. "इथीच जी. गाडी बंद नाई केली तुमी?"

"बंद कायले करू? पाहा इकडे." वामनरावांनी दार उघडून पाय दाखवले. "ब्रेकवर पाय आहे का?"

"नाई."

"हँडब्रेक वढला आहे का?"

"मले नाई समजत त्यातलं, पण तुमी म्हणता तं नसन."

"मंग गाडी मागं काऊन नाई जाऊन राह्यली?"

इतवारीनं वाकून चाकांकडे पाहिलं. चाकाखाली दगड नव्हता. तो थक्क झाला. दुसऱ्या दिवशी तो आपल्या भावाला घेऊन आला. तिसऱ्या दिवशी हातपंपावर पाणी भरायला नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. वामनराव कोणाला निराश करत नसत. मोहाचे दिवस होते, सकाळी बायामाणसं टोपल्या घेऊन तिथंच असत, आणि वामनरावांची गाडी चढाच्या मधोमध घरघरत अधांतरी उभी असे. म्हैस, जावई, गुडघा सगळं निवांत होई.

एकच गोष्ट त्यांना खटकत होती. तिथं थांबलं की जळका वास येई.

"सुकरी!" एके सकाळी त्यांनी खिडकीतून हाक मारली. "मोहाखालचा पालापाचोळा जाळू नोको म्हणून किती डाव सांगितलं तुले? जंगलाले आग लागते ना!"

सुकरी टोपलीत फुलं वेचत होती. तिनं मान वर केली. "मी कुठी जाळलं जी? मी तं झाडून घेतो. पाहा, खराटा आहे माह्या हातात."

"मंग हा वास कायचा?"

सुकरीनं नाक वर करून हवा हुंगली, पुन्हा हुंगली, आणि गाडीकडे पाहिलं. "तुमच्याकडूनच येऊन राह्यला, भाऊ."

"नवीन तंत्राची गाडी आहे. तिले वास कायचा येईन?" वामनराव म्हणाले आणि जंगलाच्या रक्षणावर तिला आणखी थोडं ऐकवून पुढे गेले. डेपोत फाइलींमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला आग विझवायची अशी संधी क्वचितच मिळते.

बाजाराच्या त्या दिवशीही त्यांनी इतवारीला थांबवलं. ट्रॅक्टरवाला पोचूही मागून आला होता आणि त्यानं हा चमत्कार अजून पाहिला नव्हता. वामनरावांनी दार उघडलं, पाय दाखवले. "ब्रेकवर पाय आहे का?"

"नाई," इतवारी पाठ असल्यासारखा म्हणाला. "पण भाऊ, गाडी मागं जाऊन राह्यली."

गाडी खरंच मागे चालली होती. अगदी सावकाश. वामनरावांनी अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबला. इंजिन ओरडलं, बॉनेटखालून धूर आला, पण गाडीनं त्याची दखल घेतली नाही. त्यांनी आणखी दाबला. इंजिन आणखी ओरडलं. इतवारी शेजारून चालत सोबत करत होता. "अजून मागं जाऊन राह्यली," तो माहिती देत होता. ब्रेक नावाची वस्तू गाडीत आहे हे वामनरावांना आठवलं तेव्हा गाडीची मागची चाकं सुकरीनं वाळत घातलेल्या मोहफुलांच्या चटईवर विसावली होती.

सुकरी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता सांगा, कोण जाळून राह्यलं ते."

पोचूनं ट्रॅक्टरला दोर बांधला आणि गाडी टोचन करून आलापल्लीपर्यंत ओढत नेली. भर बाजारातून. वामनराव आत स्टिअरिंग धरून ताठ बसले होते, आणि दोन्ही बाजूंनी माणसं "कुठी चाल्ले?" विचारत होती. आलापल्लीत गाडी एका रिकाम्या टेम्पोवर चढवली. एवढं झाल्यावर पुढचं पाहायचं सोडून परत जाणं पोचूला जमेना, तोही चंद्रपूरला सोबत आला.

बाबूभाईंचं गॅरेज चंद्रपुरात जुनं होतं. त्यांनी गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि हात पुसले. "क्लच गई, भाऊ. पूरी जल गई."

वामनराव हसले. एवढा मोठा मेकॅनिक आणि असं बोलतो! "बाबूभाई, नीट पाहा. या गाडीले क्लचच नाई."

"क्लच नाई तं गाडी चालते कशी?"

"ते मले काय मालूम? पण नाई. दोन पेडल आहेत. मोजा."

"पेडल नाई, भाऊ. क्लच आहे. तुमच्याऐवजी मशीन दाबते, एवढाच फरक." बाबूभाईंनी खुर्ची पुढे केली. वामनरावांनी ती नाकारली. मग बाबूभाईंनी खर्चाचा आकडा सांगितला आणि वामनराव त्या खुर्चीत बसले.

"एवढा?"

"ऑटोमॅटिकची आहे ना. साध्या गाडीची असती तं निम्म्यात निपटलं असतं." बाबूभाई चहा मागवत म्हणाले. "पण एक बताव. ही क्लच अशी जळत नाई. कोणीतरी चढावर ब्रेक न लावता रेस देऊन उभी करते, तेव्हाच जळते. बिलकुल अनाडी माणसाचं काम. गाडी कोण चालवते?"

पोचू बशीत चहा ओतता ओतता थांबला होता आणि वामनरावांकडे पाहत होता. डेपो, जीप, साहेबांचं घोरणं, सगळं वामनरावांच्या डोळ्यांपुढून गेलं. ती सगळी कमाई या एका प्रश्नावर जाणार होती. त्यांचं तोंड त्यांच्याआधी बोललं.

"आमच्या घरची शिकून राह्यली ना," ते म्हणाले.

"तेच म्हणलं!" बाबूभाई म्हणाले. "बाईलोकायले सांगाव लागते जरा."

पोचूनं चहा संपवला. तो काही बोलला नाही. पण पोचू गप्प बसला की तो साठवून ठेवत असतो, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं.

गाडी तयार होऊन घरी आली तोवर ती बातमी ललिताबाईंपर्यंत आली होती, तीही पाणी भरताना, चारचौघींत. ज्या बाईनं त्या गाडीचं स्टिअरिंग फक्त पुसण्यासाठी हातात धरलं होतं, तिनं क्लच जाळली होती म्हणे. वामनराव दिवसभर मागच्या अंगणात उगाचच झाडांना आळी करत राहिले. त्यांना लाज वाटत होती. पण ती सांगायची कशी, याचा सराव त्यांनाही नव्हता.

संध्याकाळी ललिताबाईंनी चहा आणून ठेवला. आवाज नेहमीचाच शांत होता.

"माह्याच्यानं क्लच जळली म्हणता?"

वामनरावांनी कपात पाहिलं. "ते... बाबूभाई म्हणत होता..."

"म्हणत असन. बरोबरच आहे त्याचं. मी अजून कच्ची आहो ना." त्या समोर बसल्या. "असं कच्चं ठेवलं तं पुन्हा जळन. पुन्हा एवढा खर्च. परवडते का आपल्याले?"

"नाई."

"मंग मी पक्की होईपर्यंत गाडी मीच चालवतो. तुमी बाजूले बसा. आना किल्ली."

वामनरावांना यातून बाहेर पडायची वाट शोधूनही सापडेना. एकच वाट होती, आणि ती खरं सांगण्याची होती. त्यांनी खिशात हात घातला.

ललिताबाई आधी शाळेच्या मैदानात चालवू लागल्या, मग आलापल्लीच्या रस्त्यावर. वामनराव डाव्या सीटवर बसून नसलेला ब्रेक दाबत असत. अंगणवाडीत लेकरांना सांभाळलेली बाई, तिला घाई ठाऊक नव्हती. आणि मग एका सकाळी त्या चिमूरला निघाल्या. बहिणीच्या अंगणात त्यांनी गाडी नेऊन उभी केली आणि आतूनच हॉर्न वाजवला. एकदा वाजवून समाधान झालं नाही, म्हणून पुन्हा वाजवला.

बहीण पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि पाहतच राहिली. "अवं बाई, तू चालवत आणली? अन् भाऊजी काऊन नाई चालवून राह्यले?"

वामनराव उगाचच सीटबेल्ट सोडवत बसले.

"अवं, मी क्लच जाळली ना मागं," ललिताबाई उतरत म्हणाल्या. "तं त्यायनं शिक्षा देली मले. आता मलेच चालवा लागते."

"भल्ली कडक शिक्षा देता जी भाऊजी!" बहीण म्हणाली. वामनरावांनी कडक दिसण्याचा प्रयत्न केला.

परतताना ऊन कलत आलं होतं. नाक्याच्या चढावर इतवारी गुरं घेऊन येत होता, पलीकडे सुकरी हातपंपावर होती. ललिताबाईंनी गाडी थांबवली, ब्रेकवर पाय घट्ट ठेवला आणि काच खाली केली. "इतवारी, कुठी चाल्ला?"

"घरीच जी, बाई." इतवारी वाकून आत डोकावला. त्याची नजर त्यांच्या पायाकडे गेली आणि तो जरा हिरमुसला. "तुमी तं ब्रेक लावला. भाऊ बिनब्रेकची उभी करून दाखवत होते ना आमाले. रोज."

वामनराव बाहेरच्या सागाच्या झाडांकडे इतक्या बारकाईनं पाहू लागले, जणू विभागानं त्यांना पुन्हा कामावर घेतलं होतं.

"मालूम आहे मले," ललिताबाई म्हणाल्या. "सुकरीनं ज्या दिवशी चटई धुतली, त्याच दिवशी सांगतलं सारं."

इतवारी गुरांमागे गेला. वामनराव मनात एकेक दिवस जुळवू लागले. म्हणजे किल्ली मागितली त्या संध्याकाळीही हिला सगळं ठाऊक होतं. आणि बहिणीच्या दारात, जिथं एका वाक्यात तिला हिशेब चुकता करता आला असता, तिथंही ठाऊक होतं.

"तं मंग सांगा आता," ललिताबाईंनी समोर पाहत विचारलं. "चिमूर जाऊन आली मी. झाली का पक्की?"

पक्की म्हटलं की ठरल्याप्रमाणे किल्ली परत खिशात येणार होती. वामनरावांचा हात सवयीनं खिशाकडे गेला, तिथं थोडा वेळ राहिला आणि मांडीवर परत आला.

"छ्या!" ते म्हणाले. "कच्चीच आहेस. लय कच्ची. अजून बम दिवस चालवा लागन तुले."

ललिताबाईंनी ओठ दाबून हसू आवरलं. त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलून अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला, आणि गाडी चढ चढून घराकडे लागली.