विहीर मचूळ झाली

आमच्या शेजारचे सुर्वेकाका गाडी धुवायचं पाणी आधी स्वतः पिऊन बघतात. ओंजळीत घेतात, डोळे मिटतात, तोंडात घोळवतात आणि मग निकाल देतात. "पाणी आधी जिभेला, मग गाडीला," हे त्यांचं ब्रीद. उभा जन्म बोटीच्या इंजिनरूममध्ये गेला, तिथे गोड्या पाण्याची किंमत कळली म्हणतात.

गाडी जुनी, काळी, आठवड्यातून एकदा आरे-वारेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन येणारी. तिला ते पाइप लावून धूत नाहीत. बादलीभर पाण्यात टोपणभर खास लिक्विड घालायचं, मऊ फडक्याने पुसायचं, संपलं. वरून साधं पाणी मारायचंच नाही.

"म्हणजे पाण्यात जा काय असेल ता गाडीवरच ऱ्हाणार, मास्तर," ते मला समजावतात. "बोरिंगचं पाणी घेतलंत की सुकल्यावर पांढरे ठिपके. गाडीला देवी आल्यागत!"

बोरिंगवर त्यांचा भारी राग. पालीला एका लग्नात पंगतीला बसल्यावर पाण्याचा घोट घेऊन ते मोठ्यांदा म्हणाले, "बोरिंग!" यजमान नेमके तेव्हाच माइकवरून पाहुण्यांचे आभार मानत होते. त्यांची समजूत घालता घालता माझा मठ्ठा गरम झाला.

अख्ख्या आळीत त्यांच्या जिभेला पसंत पडली ती आमची विहीर. दर रविवारी सकाळी दोन बादल्या घेऊन काका हजर. पाण्याचं आम्हाला काही नव्हतं. पण ते भरता भरता कठड्यावर बसून जगभरच्या बंदरांतल्या पाण्यावर दीड तास प्रवचन व्हायचं. माझी अंघोळ, पोहे, पेपर, सगळंच लांबायचं. बायको म्हणायची, "ऐका हो, एकटे आहेत." मी ऐकायचो, पण तोंड वाकडं करून.

गेल्या मे महिन्यात एका रविवारी मी कंटाळून थाप मारली. "काका, विहीर मचूळ झाली हो. खाडीचं पाणी शिरलं असणार."

काकांनी बादली सोडली, वर ओढली, ओंजळ भरून तोंडात घोळवली. क्षणभर त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"होय हो, मचूळच आहे," म्हणाले. रिकाम्या बादल्या उचलून घरी गेले.

मला गाढवाला वाटलं, थाप पचली.

पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. मला चुकल्यासारखं होऊ लागलं. शेवटी आंब्यांचं निमित्त काढून मी त्यांच्याकडे गेलो. काका मागच्या दारी गाडी पुसत होते. शेजारी एसीच्या नळीखाली एक निळा ड्रम, काठोकाठ भरलेला.

"एसीचं पाणी," काका म्हणाले. "ह्यात क्षार नाय, काय नाय. गाडीला ह्याच्यापरास चांगलं पाणी रत्नागिरीत मिळायचं नाय."

"कधीपासून साठवताय?"

"ही आजारी पडली तेव्हा एसी बसवला ना, तेव्हापासून."

काकी जाऊन चार वर्षं झाली. म्हणजे एवढी वर्षं आमच्या विहिरीच्या पाण्याची त्यांना गरजच नव्हती. ते कठड्यावर बसायला यायचे. पाण्याच्या बाबतीत ती जीभ जन्मात एकदाच खोटं बोलली, तीही माझी लाज राखायला. मला माझीच शरम वाटली.

"काका," मी म्हटलं, "विहिरीचं पाणी गोडं झालंय परत. या रविवारी नक्की या."

त्यांनी फडकं पिळलं, त्याची नीट घडी घातली.

"मचूळ झालेली विहीर एवढ्यात गोडी होत नाय, मास्तर," ते हसून म्हणाले. "दोन पावसाळे तरी जावे लागतात." मग आंब्यांची पिशवी घेतली आणि मला चहाला बसवलं.

त्यातला एक पावसाळा गेलाय. दर रविवारी सकाळी मी दोन बादल्या शेंदून कठड्याशी ठेवतो आणि दुपारी माडाला ओततो.