नजीरभाईची छापील यादी

यंदाच्या यादीत कोणी बोट ठेवायला जागा शोधून दाखवावी, मिशी उतरवून देईन, असं नजीरनं आधार क्लबच्या सभेत जाहीर केलं. नजीरला मिशी नव्हती, नुसती दाढी होती. पण सभेतल्या साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यामुळे तो मुद्दा कोणी काढला नाही.

बोरी अरबच्या स्टँडसमोर नजीरचं विहिरीच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान. शिवाय तो क्लबचा सचिव. अध्यक्ष विमलताई, शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. बाकीचे सभासद टाळ्यांपुरते. कापसानं लागोपाठ दगा दिला त्या वर्षांतली ही गोष्ट. गावातल्या आणि तांड्यावरच्या पोरांच्या हाताला शेतीबाहेरचं काहीतरी काम शिकवावं, असं क्लबनं ठरवलं. विमलताईंनी खेटे घालून लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखानदाराकडून पाच जागा मिळवल्या. सहा महिने मोटार वाइंडिंग शिकायचं, राहणं-खाणं फुकट, पुढं तिथंच काम.

आदल्या वर्षी क्लबनं सायकली वाटल्या होत्या तेव्हा हातानं लिहिलेल्या यादीत रात्रीतून दोन नावं बदलली आणि नजीरला महिनाभर तोंड लपवून फिरावं लागलं. म्हणून यंदा रीतसर परीक्षा, यादी टाइप केलेली, खाली शिक्का. वशिला नाही म्हणजे नाही! हे सिद्ध करायला नजीरनं आपल्या सख्ख्या पुतण्याला, आसिमला, दोन मार्कांनी नापास केलं. घरी सांगायची हिंमत मात्र अजून झाली नव्हती.

नजीरचा खरा जीव अडकला होता बबितामध्ये. तांड्यावरच्या खेमसिंगची ही एकोणीस वर्षांची पोर. बापाची जळालेली मोटार घेऊन दुकानात आली आणि नजीर चहा प्यायला गेला तेवढ्यात तिनं कॉइल उलगडून फेरे मोजून ठेवले. वीस वर्षांत नजीरनं असा हात पाहिला नव्हता. परीक्षेत ती पहिली आली. बापानं सही दिली. पण मुलगी असेल तर आईचाही अंगठा हवा, असं कारखानदाराचं म्हणणं. आणि मानीबाई अंगठा द्यायला तयार नव्हती. पोर इतकी दूर एकटी पाठवणार नाही, हे तिचं एकच वाक्य. घरात रोज कटकट, म्हणून बबिता चार दिवसांसाठी पुसदला मामाकडे निघून गेली होती. सोमवारी सकाळी दहाला कागद लोहाऱ्यात पोचला नाही तर तिची जागा जाणार होती. छापील कागद पाहिला की मानीबाई विरघळेल, अशी नजीरची खात्री होती.

यादी टाइप केली दारव्ह्याच्या उकंडानं. हा तहसीलीबाहेर लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसायचा. नजीरनं सात पोरांची नावं, वयं, बापांची नावं सांगितली. पाच पात्र, दोन अपात्र. बाकी तू बरोबर करशील म्हणाला आणि चहा सांगायला गेला. उकंडानं बरोबर केलं. दोन वर्षं तो एकाच प्रकारची यादी टाइप करत होता आणि त्याची बोटं आता त्याला विचारतही नव्हती. नजीरनं कागद हातात घेतला, खालचं 'सचिव, नजीर शेख' तीनदा वाचलं, वेलांट्या बरोबर आहेत हे पाहून शिक्का मारला. वरचं वाचलं नाही. वरचं त्यानंच तर सांगितलं होतं!

रविवारी बोरीच्या स्टँडवर नेहमीपेक्षा गर्दी होती. सकाळीच यादी तिथल्या फळ्यावर लागली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. ती नजीरलाही पक्की माहीत होती, फक्त त्या दिवशी आठवली नाही. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात 'पात्र' या शब्दाला एकच अर्थ उरला होता. कोणा शेतकऱ्यानं जीव दिला की मदतीसाठी समिती बसायची आणि कागद निघायचा: नाव, वय, गाव, वारसाचं नाव, आणि शेवटी पात्र किंवा अपात्र. पात्र म्हणजे मेला आणि सरकारला पटलं. अपात्र म्हणजे मेला, पण सरकारला पटलं नाही. मेलेला दोन्हीकडे. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि फळ्यावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: 'बबिता खेमसिंग राठोड, वय १९, वारस खेमसिंग, पात्र.'

दुपारी नजीर लुनावर बसून तांड्यावर निघाला. डिकीत पेढे, हँडलला झेंडूचा हार, खिशात अंगठ्याचा कागद. तांड्याच्या तोंडाशीच बायांचं रडणं कानावर आलं. नजीर मनातून खूश झाला. पोरगी सासरी निघाली की तांड्यावर बाया अशाच रडतात. म्हणजे मानीबाईनं मनाची तयारी केली तर!

खेमसिंगच्या दारात पन्नासेक माणसं बसली होती. मधोमध मानीबाई. नजीरनं चपला काढल्या आणि घसा साफ केला.

"मानीबाई, मले माहीत होतं तुमी रडान. पण आता कागद निघाला, शिक्का बसला. आता मांगं फिरता येत नाही."

बायांचा आवाज एकदम चढला. नजीरला वाटलं, आपण फार कडक बोललो. त्यानं सूर मऊ केला. जागा चांगली आहे, म्हणाला, विमलताईंनी स्वतः जाऊन पाहिली, हवेशीर आहे, बाजूला लिंब आहे. ती तिथं एकटी नसणार, आणखी चार पोरं आहेत सोबतीला. खेमसिंगनं भिंतीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. माणसं रडताहेत म्हणजे बोलणं लागू पडतंय, असं समजून नजीर पुढं सरकला. बबिताचा एखादा फोटो असला तर द्या, मोठा करून दुकानात लावतो, असं म्हणत त्यानं हार काढला. मग पेढ्यांचा डबा उघडून मानीबाईपुढं धरला.

"तोंड गोड करा. सगळ्याच पोरीच्या नशिबात नसते हे."

रडणं थांबलं. तांड्याचे म्हातारे नाईक सेवादास काठी टेकत उठले आणि नजीरच्या तोंडासमोर येऊन उभे राहिले.

"तुह्या पोटात काळीज हाये का गोटा?" ते म्हणाले. "त्याची पोरगी गेली, अन् तू पेढे वाटून राह्यला?"

"गेली?" नजीरच्या तोंडून कसाबसा शब्द निघाला. "कवा?"

"ते तुले माहीत," खेमसिंग डोळे न उघडता म्हणाला. "तुहाच शिक्का हाये."

नजीर होता तिथंच खाली बसला आणि पेढे मातीत घरंगळले. बबिता गेली! यादीत नाव लागलं त्याच दिवशी! शिक्का आपला म्हणजे काय, कोणाला कसं कळलं, पुसदहून निरोप कोणी आणला, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. एवढ्या माणसांत समजलं तेवढं त्याच्यासाठी पुरे होतं. डोळ्यांसमोर ती कॉइलवर वाकलेली मान आली आणि नजीर हमसून हमसून रडायला लागला. इतका, की दोन बाया स्वतःचं रडणं थांबवून त्याच्याकडे पाहू लागल्या. त्यानं तोंडाला रुमाल लावला आणि सरकत सरकत घोळक्याच्या मागं जाऊन बसला.

फाट्यावर एसटी थांबून निघून गेल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही. थोड्या वेळानं त्याच्या शेजारी कोणीतरी पिशवी ठेवून टेकलं.

"कोन गेलं, चाचा?" हळूच प्रश्न आला.

"बबिता," नजीर रुमालातून म्हणाला.

"कोनती बबिता?"

"खेमसिंगची. लई गुणाची पोरगी होती. बिना शिकता कॉइल मोजली तिनं. एकशे तीस फेरे, बराब्बर."

"एकशे चाळीस होते," आवाज म्हणाला. "तुमीच एकशे तीस म्हनले होते."

"हो ना," नजीर हुंदका देत म्हणाला. "मीच चुकलो होतो."

मग त्याचा हुंदका अर्ध्यावर अडकला. त्यानं रुमाल खाली घेतला, मान वळवली आणि तोंड उघडलं. पण त्यातून जे निघालं ते कुठल्याच भाषेत बसणारं नव्हतं. पन्नास माना मागं वळल्या. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं दोन्ही हातांनी डोळे झाकले. बबिताला आपल्याकडे सगळे असं का पाहताहेत हे कळेना. तिनं ओढणी सारखी केली.

मानीबाई उठली. माणसांतून, मातीतल्या पेढ्यांवरून चालत ती सरळ पोरीपाशी आली आणि तिनं काडकन एक कानाखाली दिली.

"कुठं मेलती तू?"

शब्द तोंडातून गेला आणि तिचं तिनंच हातानं तोंड दाबून धरलं. मग पोरीला जी मिठी मारली, ती तीन बायांनी मिळूनही सुटेना. "याडी, सोड, श्वास कोंडते," बबिता आईला म्हणत होती आणि ते ऐकून मानीबाई आणखी घट्ट धरत होती. ज्याचा श्वास कोंडतो तो जिवंत असतो, एवढंच तिला त्यातून कळत होतं. खेमसिंग तिथंच भिंतीशी बसून राहिला.

सेवादासांनी खिशातून फळ्यावरचा फाडून आणलेला कागद काढला. नजीरनं यादी पहिल्यांदा वरून वाचली. नाव, वय, वारस, पात्र. वारसाच्या रकान्यावर त्याचं बोट थांबलं. सात जितीजागती पोरं त्यानं स्वतःच्या शिक्क्यानं मारली होती आणि त्यातल्या पाचांचे पेढेही वाटले होते.

तो तोंड उघडणार, तेवढ्यात दारात काळीपिवळी जीप येऊन थांबली. तीतून त्याची मोठी भावजय हुस्नाबी उतरली. हाताला धरून आणलेला आसिम मागून फरफटत येत होता. जिवंत, आणि अर्धी भाकरी हातात.

"नजीरभाई, माह्या जित्या पोराले मारलं, ते मी पोटात घातलं," हुस्नाबी सगळ्यांसमोर म्हणाली. "पण मारून वरून अपात्र? सख्ख्या काकाच्या हातानं?"

नजीरनं समजावायला सुरुवात केली. तहसील, उकंडा, रकाना, वशिला, दोन मार्क, सगळं एकमेकांत गुंतलं. ऐकणाऱ्यांना एवढंच कळलं की कोणीच मेलेलं नाही आणि चूक नजीरची आहे. आणि खरं म्हणजे तेवढंच कळायचं होतं. कोणीतरी हसलं. हसणं दबत दबत पसरत गेलं. घटकाभर आधी ज्यांनी ऊर बडवला होता त्या बाया आता पदर तोंडात धरून बसल्या. आसिमनं भाकरी संपवून मातीतला एक पेढा फुंकून खाल्ला.

खिशातला अंगठ्याचा कागद काढायची नजीरची छाती नव्हती. आपल्या हातानं या पोरीची जागा घालवली, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. या घरात आता क्लबचं नाव कोण काढू देणार? त्यानं चपला शोधायला सुरुवात केली.

"तो कागद कुठं हाये?" मानीबाईनं विचारलं.

"कोनता?"

"लोहाऱ्याचा."

नजीरनं कागद काढला. मानीबाईनं एका हातानं पोरीचं मनगट धरूनच ठेवलं होतं. दुसऱ्या हाताचा अंगठा तिनं पुढं केला.

"एक घंटा मी तिले लई दूर पाठवून पाह्यलं," ती म्हणाली. "लोहाऱ्याले तं एसटी जाते."

शिक्क्याची शाई लावून नजीरनं अंगठा घेतला. मानीबाईनं बोट पदराला पुसलं आणि आसिमकडे पाहिलं.

"हे पोरगं जित्तं हाये ना? मंग अपात्र काहून?"

नजीरनं तिला परीक्षा सांगितली. मार्क सांगितले. जागा पाच, पोरं सात, आणि दुसरा अपात्र म्हणजे तुमच्याच तांड्यावरचा लालसिंग, तो तर चार मार्कांनी मागं, हेही सांगितलं. वशिला का चालत नाही हे अगदी नीट पटवून दिलं. मानीबाईनं सगळं मन लावून ऐकून घेतलं.

"ते झालं," ती म्हणाली. "पण जित्तं हाये ना?"

सोमवारी सकाळी पावणेदहाला नजीर लोहाऱ्याच्या कारखान्याच्या फाटकात उभा होता. मागं बबिता होती, आसिम होता, लालसिंग होता, सगळी रांग होती. कारखानदार साहेबांनी बोटानं पोरं मोजली, मग पुन्हा मोजली, आणि यातली पात्र कोणती म्हणून विचारलं. नजीरनं खिशातली यादी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि चार घड्या घालून परत ठेवली.

"साहेब," तो म्हणाला, "सातही जित्ते हायेत."

ते मला दिसतंय, साहेब म्हणाले. बाक काय, दोन आणखी टाकता येतील, पण जेवणाचे डबे पाचच सांगितलेत.

म्हणून पुढचे सहा महिने रोज पहिल्या एसटीनं बोरीहून दोन डबे लोहाऱ्याला जात राहिले. ते कोणाच्या घरून जावेत, यावर क्लबच्या सभेत चर्चा झाली नाही. ती नजीरची बायको उमेरा हिनं दुकानात येऊन, गिऱ्हाइकांसमोर केली.