रंग उडवणारे देवरे सर

देवरे सरांची स्कूटर सकाळी निळी असते आणि दुपारी पांढरी. द्वारका चौकातल्या सिग्नलला एकदा हवालदारानं अडवलं. कागदावर निळी, समोर पांढरी. सरांनी बाटलीतलं गार पाणी स्कूटरवर ओतलं. ओलं झालं तेवढं निळं झालं. हवालदारानं हात जोडून रस्ता मोकळा करून दिला.

सर माझे शेजारी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, लग्नाचं राहून गेलं. प्रयोगशाळेत ते पॉलिमरच्या नॅनोकॅप्सूल बनवतात. म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या डब्या, आत रंग. तापल्या की रंग नाहीसा, निवल्या की परत. "आज भयंकर ऊन आहे," म्हटलं की सर म्हणतात, "विशेषण नको, तापमान सांगा." त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा होत नाहीत.

मध्यंतरी सटाण्याहून त्यांची आई राहायला आली. आम्हीही तिला मायच म्हणतो. मधुमेहानं बोटांची जाणीव गेलेली, भाजलं तरी कळत नाही, आणि ओट्यापासून हटायला तयार नाही. बोटांवरचे फोड बघून सर तडक उठले. प्रयोगशाळेत गेले आणि एक कप रंगवून आणला. निळा असेल तर धरायचा, पांढरा झाला तर हात लावायचा नाही.

एवढं फक्त मायला सांगायचं राहिलं. "रंग बघून कोणालाही कळेल," सर म्हणाले. मायला कळलं ते असं, की पोरगा कच्च्या रंगाचा कप घेऊन आला. चहा ओतला की ती तो कढत कप दोन्ही हातांत धरून सरांच्या टेबलाशी हजर. "देख, रंग उडी गया!"

फोड वाढले. मी चिडलोच. "अहो, तोंडानं सांगा ना तिला!" सर चष्मा पुसत राहिले.

पुढच्या आठवड्यात नवा कप आला. निळा रंग उडाला की खालून पक्की अक्षरं दिसायची: 'माय, गरम शे. हात नको लावू.' कॉलेजात छापल्यासारखं मराठी बोलणाऱ्या माणसानं मायच्या अहिराणीत लिहिलं होतं. मायनं अक्षराला अक्षर लावून वाचलं आणि मला म्हणाली, "मन्हासंगे बोलस नही, कपवर बोलस."

आता ती कप निवेपर्यंत थांबते. फोड बरे झाले. प्रयोग यशस्वी झाला, एवढंच सरांना माहीत आहे.

काल दुपारी त्यांचं कुरियर द्यायला गेलो. सर कॉलेजात होते. मायनं कपात नुसतं कढत पाणी ओतलं होतं आणि समोर स्टूल घेऊन बसली होती. मी तोंड उघडणार, तोच तिनं मला हातानं थांबवलं.

"गप. आते तो बोलस."